शेठजींसाठी मेलेला बाप

वकीलसाहेबांनी माझी मान धरून मला देणगी द्यायला आलेल्या शेठजींपुढं उभं केलं.

"हा आमचा पहिला अनाथ. निलंग्याकडचा. आई-बाप दोन्ही गेले. आम्ही उचलला नसता तर रस्त्यावर मेला असता. सांग रे, कोण आहे तुझं?"

नेहमीचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्हीच, साहेब."

दर देणगीदारापुढं मी ते म्हणायचो. बोर्डिंगातली पोरंही आपापलं ठरलेलं वाक्य म्हणायची. मग जेवण. आजही ती ताटांमागं हात जोडून उभी होती. वरण गार होत होतं.

माझे आई-बाप जिवंत होते.

निजामाच्या राज्यात शाळेत सगळं उर्दूत आलं तशी चौथीतच माझी शाळा सुटली. काम शोधत नांदेडला आलो. शहरातल्या मंडळींनी खेड्यातल्या गरीब पोरांसाठी देणग्यांवर बोर्डिंग काढलं होतं. वकीलसाहेब त्याचे सेक्रेटरी. त्यांनी ठेवून घेतलं. उपकार होते, आजही मानतो. आधी पाणी भरलं, मग सगळंच अंगावर आलं. घरोघरच्या बाया रोज मूठभर ज्वारी बाजूला काढायच्या, ती गोळा करायची. दिलेलं कुणाच्या पोटात गेलं ते त्यांना जाऊन सांगायचं. रुसलेल्या मेंबराला परत कामाला जोडायचं. तापलेल्या पोराच्या उशाशी बसायचं. संस्था चालवणं मी असं शिकलो. आता व्यवस्थापक नेमायचा होता. "शेठजी खूश झाले की जागा तुझी," साहेब म्हणाले होते. घर लांब. दुसरा आसरा नाही. त्या जागेच्या घोरानं झोप उडाली होती. घरीही तसं कळवलं होतं.

आणि त्याच सकाळी बाप मला भेटायला आला. साहेबांनी त्याला मागच्या ओट्यावर बसवलं. "पुढं येऊ नको, पाहुणे आहेत." मधी एक भिंत. तो सगळं ऐकत होता.

"सांग की!" साहेबांनी मान दाबली.

"बाप हाय माझा. मागं ओट्यावर बसलाय. बोलवू?"

शेठजी खो खो हसले. "वकीलसाहेब, तुमचं मेलेलं माणूस उठून आलं की हो!"

साहेबांचं तोंड काळं पडलं. "माजलास. खाल्ल्या अन्नाची हीच जाण?"

"जाण हाय, साहेब. पण त्याच्यापायी बाप मारणार न्हाई."

पोरांकडं वळलो. "बसा रे." वरणाचं भांडं उचललं. वाढताना वरण सांडलं.

मागं गेलो. बाप घाबरून उभा होता.

"मेला म्हणला असतास तर काय झालं असतं, लेका? मी काय खरंच मरत होतो का? जागा गेली का रे?"

"गेली."

साहेबांच्या शिव्या लागल्या नाहीत. बापाचं हे बोलणं लागलं. आपलं मरणसुद्धा त्याला स्वस्त वाटत होतं.

तिथंच ठरवलं. जागा गेली, काम सोडणार नाही. लातूरला जाईन, कुठंही जाईन. दारोदार ज्वारी मागीन, पण ताठ मानेनं. मी चालवीन त्या बोर्डिंगात पोरांचं जेवण आधी, भाषण नंतर. भेटायला आलेला बाप पुढच्या दारानं आत येईल आणि पंगतीत बसेल. ज्याला अनाथच बघायचे असतील, त्यानं आपली देणगी उचलून चालू लागावं.