कातडीखालची करकर

केशोरी गावातल्या आमच्या घरी बाबा भाताच्या तणसीच्या ढिगावरून घसरले आणि खाली उभ्या असलेल्या बैलबंडीच्या धुरीवर, पुढच्या लाकडी दांड्यावर, त्यांची छाती आदळली. मी सुट्टीला आलो होतो. कुडव्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लाज त्याचीच आहे.

तासाभरात बाबांची छाती आणि मान फुगली. बोटाने दाबलं की कातडीखाली कोरड्या लाह्या चुराव्यात तशी करकर. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावाची ढोरं बरी करत. फऱ्या झालेल्या बैलाची मांडी अशीच करकरते, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी एकदाच चाचपलं आणि निकाल देऊन टाकला, फऱ्या आहे, डागावं लागेल. ढोराचा रोग माणसाला झाला, आणि अंगणात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गाडी बोलवू या, असं मी म्हणालो, तेही पुटपुटत. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विळा चुलीत घातला आणि मला पाय धरायला सांगितलं.

मी धरले. मोठेबाबांपुढे तोंड वर करून बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, आणि माझी पदवी तिथे कवडीमोल ठरली. तीन डाग दिले. बाबांना ओरडायला श्वासही पुरत नव्हता.

ओठ निळे पडले तेव्हा कुठे गाडी आली. गोंदियात डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की बरगडी मोडून फुप्फुसात घुसलीय, तिथली हवा कातडीखाली शिरतेय. त्यांनी छातीत नळी घातली. मग डाग पाहून विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी घरी नव्हतो. खोटं बोलताना मात्र माझी जीभ जराही अडखळली नाही. बाबा तिथेच पडून ऐकत होते.

बाबा वाचले. डागलं म्हणून वाचला, असं मोठेबाबा गावभर सांगत फिरले. मला असा संताप आला की बाबांपुढे मी त्यांना अडाणी, कसाई, वाट्टेल ते बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "त्याले का कळते बाबू, तो ढोरं डागते. तू त शिकेला होतास. तू माजे पाय कायले धरलास?"