अंड्याभोवतीचं पाणी

सोनोग्राफीच्या पडद्यावर बारीक काळे ठिपके दिसले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फॉलिकल्स भरपूर आहेत." मी खूश. घाटकोपरच्या त्या क्लिनिकमध्ये सोबत आलेल्या सासूबाई माझ्याहून खूश. "इतकी अंडी आसत, मगे काळजी कित्याक?"

"तीच तर काळजी आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला पीसीओएस होता, अंडाशयाचा आजार; त्यात सगळीच अंडी वाढायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात, एकही पुढे सरकत नाही.

मी मरोळच्या एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासते. एखादी गोष्ट बिघडली तर का बिघडली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी मी खुर्चीवरून हलले नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदावर एकात एक दोन गोल काढले. फॉलिकल म्हणजे पाण्याची पिशवी, आत अंडं. बाहेरच्या थरातल्या पेशी पुरुषी हार्मोन बनवतात, आतल्या थरातल्या त्याचंच स्त्रीचं हार्मोन करतात. माझ्या रक्तात इन्सुलिन जास्त, ते बाहेरच्या थराला सारखं डिवचतं. कच्चा माल धो धो येतो, आतल्यांना उरकत नाही, आणि अंडं अर्ध्यावर अडकतं.

बाईच्या हार्मोनचा कच्चा माल पुरुषी असतो, हे मला फारच आवडलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तरीच तुझा आवाज चढतो."

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि एका सकाळी टेस्ट ट्यूब बेबीसाठी भूल देऊन अंडी काढली. ती ज्या पाण्यात वाढतात ते मला बघायचंय, असं मी लॅबमधल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारी त्या नळी घेऊन खाटेपाशी आल्या. पातळ केलेल्या वॉर्निशसारखं फिकट पिवळं पाणी. मी विचारत सुटले. यात साखर असते का? चरबी? इन्सुलिन इथवर पोचतं का? त्या हसून सांगत होत्या. एक प्रश्न तेवढा मी टाळत होते. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तो सासूबाईंनी विचारला. "बाय, पिकलेला एक तरी गावला काय?"

"एकच. बाकीची कच्ची निघाली."

मला रडूच फुटलं. एवढं सगळं करून एक.

सासूबाईंनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. "गप ऱ्हव. माका तरी एकच झील आसा. तो काय कमी पडलो तुका?"