मांजरीला चालेल असं झाड

देवासला टेकडीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत ते मला एकदाच भेटले. सत्तरीचे असतील. प्रत्येक रोपाचं पान दोन बोटांत धरून ते एकच विचारत होते, "मांजरीनं खाल्लं तर?"

नर्सरीवाला वैतागला होता. "भिया, मनी प्लांट ले जाओ, मरता ही नहीं."

"झाड नाही मरणार, पण बिल्लीचं काय?" त्यांनी कुंडी परत ठेवली.

मी मराठीत बोलले तेव्हा त्यांना बरं वाटलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून बायको खिडकीशी पडून असते, असं त्यांनी सांगितलं. बाहेर नुसती भिंत दिसते, म्हणून तिला खिडकीत काहीतरी हिरवं हवं होतं. मांजर सारखी तिच्याजवळच असते. "माझ्याशी ती फारशी बोलत नाही, ताई. मांजरीशी बोलते. मांजरीला काही झालं, तर घर गप्पच होईल."

मी त्यांना स्पायडर प्लांट दाखवलं. ऊन कमी मिळालं, एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं, तरी ते जगतं. माझी मांजर ते रोज कुरतडते आणि ठणठणीत आहे.

"रोज? मग झाड उरतं का?"

"अर्धंमुर्धं."

थोडा विचार करून त्यांनी दोन कुंड्या उचलल्या. "एक हिला बघायला, एक मांजरीला खायला."

"त्या काय बोलतात हो मांजरीशी?" मी विचारलं.

"मी स्वैपाकघरातून ऐकत असतो," ते स्कूटरवर कुंड्या नीट ठेवत म्हणाले. "बहुतेक माझ्याबद्दलच असतं."