अमावस्येच्या अकरा काठ्या

पुराव्यावाचून कशावरही विश्वास न ठेवणारे माणूस मी विज्ञान शिकताना सर्वत्र शोधले. भेटले ते एकच, आणि ते अर्नाळ्याच्या शाळेत पाचवीत होते. मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्याचे वर्गाला सांगितले, तेव्हा माझ्या या विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "बाई, गुणपत्रिका आणाल?" मी आणली. वर्गाची भिंत सरळ आहे असे सहज म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी तिने मासेमारीच्या जाळ्याचे शिसे दोरीला बांधून भिंत कललेली असल्याचे सिद्ध केले. त्या भिंतीपाशी मी अजूनही उभी राहत नाही.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःच्या प्रश्नाचा शोध घ्यायचा, असा आमचा उपक्रम होता. इतरांनी मुंग्या आणि बुरशी निवडली. तिने लिहिले, 'समुद्र आमच्या घराकडे येतो आहे का?' तिचे बाबा म्हणत, येतोय. शेजारी म्हणत, छे. तिला दोघांचेही पटत नव्हते. दिवाळीपासून दर अमावस्येच्या भरतीला ती स्वतःच्या उंचीची काठी घेऊन निघे आणि आजी घरापुढे ज्या वलांड्यांवर, म्हणजे बांबू रोवून केलेल्या मांडवांवर, बोंबील सुकवी, त्यांच्या पहिल्या रांगेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजे. पाचही वेळा उत्तर एकच : अकरा काठ्या. 'समुद्र जागचा हललेला नाही, घर सुरक्षित आहे,' असा निष्कर्ष तिने काळ्या तक्त्यावर खडूने लिहिला आणि जिल्हा प्रदर्शनाची स्वप्ने पाहत मी खाली सही केली.

सादरीकरणाला आजी आली होती. निष्कर्ष ऐकून ती खळखळून हसली.

"अगो बाय, ती रांग मीच मागं घेते. पानी जवळ सरकलं की वलांडी उपटायची नि तेवढीच मागं रोवायची."

"दिवाळीपासून किती वेळा?" मुलीने विचारले.

"चारदा. आता मागं आपली भिंतच आली..."

आजीचे हसू तिथेच विरले. मुलीने डस्टर न मागता तळहाताने निष्कर्ष पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझा शून्यच सरकत होता, बाई. तुम्हीपण नाही बघितलं." तिच्याकडे याचाही पुरावा होता; तक्त्याखाली माझी सही तशीच होती.

आता ती हायस्कुलात आहे. काठी जुनीच, पण शून्य तिने घराच्या उंबऱ्यावर आणला आहे. उंबरा कोणी मागे घेत नाही. दर अमावस्येला बाबांच्या फोनवरून मला एक संदेश येतो. त्यात नुसता आकडा असतो. गेल्या खेपेला सात होता. मी 'नोंद केली' एवढेच कळवते, आणि पुढच्या अमावस्येची तारीख पाहायचे टाळते.