गूळभातावरचा उपाशी बाप

दिवाळीनंतर आसगावला मंडई भरते, जत्राच ती. त्या दिवशी भर दुपारी दंडार, म्हणजे गावचं सोंगांचं नाटक, होते, आणि दंडारीत दुष्काळातल्या उपाशी बापाचं सोंग सेवकरामचं. लग्नाआधीपासून त्याचंच. बाप उघड्या अंगानं येतो, पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "तीन दिवस झाले, चुलीत जाळ नाई." त्यासरशी पुढं बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावतात. धान कधी पिकायचं, कधी नाही. हे रडणं मात्र सेवकरामचं भरवशाचं पीक होतं.

मग त्याला बीपी निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. सेवकराम शिस्तीचा माणूस. त्यानं मिठाला घराबाहेरच काढलं. लोणचं, पापड, साऱ्यांना रामराम. पण अळणी भात घशाखाली उतरेना, म्हणून त्यात तो गूळ कुस्करू लागला. गूळभात सहज उतरायचा, मागून दुसरी वाढही उतरायची. उपकेंद्रात बीपीचा आकडा चांगला आला की तो पारावर बसून गावाला पथ्य शिकवायचा. "गोळी आपली राखणदार आहे," म्हणायचा. राखणदार पुढच्या दारात उभा होता आणि चोर मागच्या दारानं येऊन पोटभर जेवून जात होता.

यंदा पोळ्यानंतर उपकेंद्रातल्या चंदा सिस्टरनं बीपी मोजला, छान आहे म्हणाली, आणि मापाची फीत काढून थेट त्याच्या पोटाला गुंडाळली. उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्टही तिच्या हातात होता.

"मामाजी, साखर काठावर येऊन बसली. चरबीबी वाढली. काय खाऊन राहिले तुमी?"

"मी? मी तर मीठबी सोडलं!"

"मीठ सोडलं आन् गूळ धरला," मागून त्याची बायको निर्मलाबाई म्हणाली. "गंजभर भात खातेत, बाई. वरून मलेच सांगतेत, पथ्याचं आहे."

रांगेतल्या म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. सिस्टरनं समजावलं, गोळी रक्ताचा दाब धरते. साखर आणि पोटाचा घेर तिच्या ताब्यात नाही. ते ताटावर आहे, आणि पायावर.

सेवकरामला खरी भीती वाटली ती तालमीत. दंडार बसवणारे केशवराव त्याच्या पोटाकडं बघत म्हणाले, "भाऊ, यंदा तुमी सावकार करा. पोटाले उशी बांधाचं काम नाई. बाप तो काडीवानी योगेंद्र करंल."

"मंडईपर्यंत थांबा, केशवराव. पोट नाई उतरलं, तं होतो सावकार."

गूळ गेला. भात अर्धा झाला, उरलेल्या ताटात भाजी आणि वरण आलं. रोज तो तलावाच्या बांधावरून फिरू लागला. लोक विचारायचे, "काहून मामा, बैल हरवला का?"

"नाई गा, पोट सोडाले आनलो होतो. मांजरीवानी वापस घरी येते."

मंडईपर्यंत धोतराची गाठ जरा आत सरकली, एवढंच. केशवरावांनी ती पाहिली, सुस्कारा टाकला. "करा तुमीच. पन श्वास ओढून ठेवा."

सेवकराम श्वास ओढून मांडवात आला. पण बोलायचं तर श्वास सोडावा लागतो. "तीन दिवस झाले..." म्हणताच पोट सुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, त्याच्याआंधी काय जेवले होते?"

हशा उसळला. पुढच्या बायाही हसत होत्या. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत आडवं झालं. सेवकरामनं पोटाकडं पाहिलं, त्यावरून हात फिरवला.

"गूळभात, बाबू. त्याचंच फळ भोगून राहिलो."

त्या बायांतच बसलेली चंदा सिस्टर हसून हसून डोळे पुसायला लागली. त्या वर्षी पुसले गेलेले डोळे तेवढेच.

"पुढच्या सालीबी तुमीच बाप," नंतर केशवराव म्हणाले. "पन हे वाक्य ठेवा."

"वाक्य ठेवतो. पोटाचं सांगता येत नाई."

घरी ताटात अर्धाच भात होता. गुळाचा डबा निर्मलाबाईनं कुठं लपवलाय हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही. तो डब्याकडं पाठ करून जेवायला बसला.