माया धरून चारशे फूट

परवाच्या रविवारी मुलुंडमध्ये माझं डोकं जाम सटकलं. अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय...

मी घाटकोपरला ब्लाउज शिवते, अठरा वर्षं झाली. नवरा यंदा रिटायर झाला. त्याचा फंड, माझे मशीनवर जमवलेले पैसे आणि थोडं लोन घालून एक छोटा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचे नाहीत, एवढाच आमचा प्लॅन.

एजंटने फ्लॅट दाखवला. चारशे स्क्वेअर फूट, ऐंशी लाख, भाडं महिन्याला अठरा हजार. "डोळे मिटून घ्या, साहेब!" आणि आमच्या साहेबांनी खरंच मिटले की! टोकनचा दोन लाखांचा चेक लिहून मोकळा...

मला ती जागा काही चारशेची वाटेना. अख्खा दिवस मापं घेणारी बाई मी, माझी नजर फसत नाही. पर्समधली टेप काढली आणि सरळ भिंतीला लावली. एजंट हसायला लागला. नवरा मालवणीत पुटपुटला, "गप रव गो, लोकां हसतत."

भरली अडीचशे. तीही जेमतेम!

"बाकी लोडिंग असतं, मॅडम. लिफ्ट, लॉबी, जिना..." आणि लगेच नवऱ्याकडे वळून म्हणतो, "लेडीजना हे नाही समजणार, साहेब."

अस्सं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी त्याला तोंडावर सुनावलंच. अरे, शिलाईच्या आत आम्ही जादा कापड ठेवतो ना, त्याला माया म्हणतात. बाई जाड झाली की ती उसवून ब्लाउज सैल तरी करता येतो. तुझी माया मी कुठून उसवू? जिना घरात ओढून घेऊ?

त्याच्याच ब्रोशरच्या मागे हिशोब मांडला. चारशेने भागलं तर वीस हजार रुपये फूट, अडीचशेने भागलं तर बत्तीस हजार. भाडेकरू काही जिन्यात झोपणार नाही, तो आतली जागा बघूनच भाडं देणार. त्या अठरा हजारांतून तीन हजार मेंटेनन्स गेला की वर्षाला उरतात एक लाख ऐंशी हजार. ऐंशी लाखांवर सव्वादोन टक्के! बँकेतली साधी एफडी याच्या दुपटीहून जास्त देते, आणि तिचा नळही गळत नाही.

"आता बोला, लेडीजना काय नाही समजलं?" एजंट फोन आल्याचं नाटक करत बाहेर पळाला.

नवऱ्याच्या हातातला चेक मी ओढून घेतला. खरा राग मला त्याचाच आला होता. अठरा वर्षं या टेपने घराला हातभार लावलाय... आणि चार लोकांत तिचीच लाज वाटली?

काल दुसऱ्या एजंटचा फोन आला. मी मशीनवर होते. नवऱ्याचं बराच वेळ 'हां हां' चाललं होतं, मग एकदम म्हणाला, "ते सगळं राहू दे हो. माया सोडून किती फूट, ते सांगा." पलीकडच्याला काही कळेना, हा आपला तीनदा तेच विचारतोय!

मला हसू आलं, पण वळून बघितलं नाही. इतक्यात माफी मिळणार नाही. तो चेक मी फाडलेला नाही, मशीनच्या ड्रॉवरमध्ये टेपखाली ठेवलाय... पुन्हा कुणी डोळे मिटायला सांगितलं की नवऱ्याच्या हातात देईन, टेपसकट.