जोडीने घ्यायचं इंजेक्शन

डॉक्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. त्याला आता महिना होईल. मला रडू आलं नाही, रागच आला... असल्या बाईला मरण येतंच कसं! हे मी सांगतेय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. ती या जगात आली ती त्या बाईंमुळे, तेव्हा लाजबीज गेली चुलीत.

मी वाघोलीची सून. आमच्या मालकांच्या मालट्रका होत्या. लग्नाआधी कुठल्याशा फेरीनंतर त्यांना खाली एक फोड आला. दुखला नाही, आपोआप गेला, म्हणून ते विसरले. पुढे तळहातांवर पुरळ उठलं, तेही गेलं. माझी मात्र पहिली दोन्ही बाळं मेलेलीच जन्मली. सासूबाई म्हणायच्या, हिचं पोटच नासकं. मालक बोलायचे नाहीत, कमरेचा पट्टा काढायचे. पुन्हा दिवस गेले तसा माझा भाऊ मला कसब्यात डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला.

त्यांचा दवाखाना तांबटाच्या दुकानावर, माडीवर. खाली दिवसभर भांड्यांची ठोकाठोक. बाईंनी जागा मुद्दामच तिथे घेतली होती. त्या आवाजात आतलं बोलणं बाहेर जात नसे. लघवीला जळजळ होते, पू येतो, असं सांगायला आलेले पुरुष बाकावर मान खाली घालून बसलेले असायचे. माझं रक्त तपासून बाईंनी सरळ सांगितलं की ही गरमी आहे, म्हणजे सिफिलिस, नवऱ्याकडून आलीय. फोड गेला तरी रोग रक्तात राहतो आणि पोटातल्या बाळाला मारतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी बाळ वाचेल, पण नवऱ्याने घेतली नाहीत तर मला पुन्हा होणार. "सत्यनारायणाला जोडीने बसता ना? मग इंजेक्शनलाही जोडीनेच यायचं," म्हणाल्या.

मी घरी तसं सांगितलं. मालक माझ्याबरोबर आले, माडीवर शिरले आणि आतून कडीच घातली. आमच्या बायकोला नाही नाही ते शिकवतेस म्हणत त्यांनी बाईंचे केस धरले आणि डोकं औषधांच्या कपाटावर आपटलं. काच फुटली, बाईंची भुवई फाटली. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर फेकलं आणि पोटावर मारायला लाथ उचलली. मी गळा फाडून ओरडत होते... पण खाली ठोकाठोक चालू, कुणाला काय ऐकू जातंय! स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या होत्या. बाईंनी ते भांडं पदराने उचललं आणि उकळतं पाणी मालकांच्या पायांवर ओतलं.

मालक आडवे होऊन गुरासारखे ओरडायला लागले. माडी हादरली तेव्हा कुठे तांबट वर धावले आणि दार फोडून आत आले. बाईंनी मालकांचे पाय गार पाण्याने धुतले, मलम लावलं. स्वतःच्या भुवईतून रक्त गळत होतं, त्याकडे लक्षच नाही. मग त्यांनी विचारलं, आता घेताय ना? मालकांनी मान हलवली. आधी हातावर थोडंसं औषध टोचून त्या वाट बघत बसल्या. काहींना पेनिसिलिन सोसत नाही, जीवही जातो, असं म्हणाल्या.

"जाऊ दे की गेला तर," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

"माझ्या दवाखान्यात नाही," बाई म्हणाल्या. मालकांना सुई टोचून माझ्याकडे आल्या. "वळा, आता तुमचं."

पुढची इंजेक्शनं घ्यायला आम्ही जोडीनेच गेलो, मालक लंगडत आणि मी पोट सांभाळत. मुलगी झाली ती किंचाळतच. सगळी आळी जागी केली हिने. मालकांनी हात उचलणं सोडलं असं काही नाही. पण हात उठला की मी गप त्यांच्या पायांकडे बघायचे, आणि तो खाली यायचा.

आता ते म्हातारे झालेत, दिवसभर ओट्यावर बाजेवर पडून असतात. पायांची कातडी अजून आकसलेली, गुळगुळीत आहे. त्या दिवशी फोन ठेवून मी बाहेर गेले आणि डॉक्टरबाई गेल्याचं सांगितलं. त्यांनी हळूच चादर पायांवर ओढून घेतली.

मी ती काढून टाकली.

"राहू द्या उघडे," मी म्हटलं. "आज मला बघू द्या."